मापाची फ्रेम की तयार फ्रेम: चांदूर बाजार तालुक्यातलं एक प्रकरण

चांदूर बाजार तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेच्या शिक्षिकेने विचारलेला प्रश्न सरळ होता: पुण्याच्या कारागिराकडून स्वतःच्या मापाची फ्रेम बनवून घेऊ, की दुकानातली तयार सायकल घेऊ? वय ३९, उंची १४९ सेंटिमीटर, वजन ४७ किलो. शाळेला जाऊन-येऊन रोज १८ किलोमीटर, त्यातला शेवटचा तुकडा पांदणीचा, म्हणजे शेतातल्या कच्च्या वाटेचा. शिवाय २०० किलोमीटरची एक ब्रेव्हे, म्हणजे लांब पल्ल्याची सायकलफेरी, नावावर, तीही साडेतेरा तासांच्या मुदतीत तेरा तास पाच मिनिटांनी संपवलेली. पुढची इच्छा ३०० आणि ४०० ची. मी त्यांना इथे मॅडम म्हणतो. गावातही सगळे तेच म्हणतात.

मी अमरावतीला सायकल फिटिंग करतो, म्हणजे सायकल माणसाच्या मापाला बसवून देतो. मापाची फ्रेम हवी म्हणून येणाऱ्यांपैकी बहुतेकांना मी परत पाठवतो. १६० ते १८५ सेंटिमीटर उंचीच्या, हातापायांचं प्रमाण सर्वसाधारण असलेल्या माणसाला तयार फ्रेम, योग्य लांबीचा स्टेम (हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा) आणि बरी सीट एवढ्यात काम भागतं. उरतो तो शौक. शौकाला माझी ना नाही, पण त्यासाठी फिटिंगवाल्याचा दाखला कशाला पाहिजे? मॅडमचं प्रकरण या पट्ट्याबाहेरचं होतं, म्हणून ते सविस्तर लिहितोय.

ब्रेव्हे म्हणजे शर्यत नव्हे. ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळात, स्वतःच्या जिवावर पूर्ण करायचं: ३०० किलोमीटरला २० तास, ४०० ला २७, ६०० ला ४०. एका हंगामात २०० ते ६०० चे चारही टप्पे केले की सुपर रँडोनर हा किताब. नागपूरचे डॉ. अमित समर्थ २०१७ मध्ये रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका एकट्याने पूर्ण करून आले, तेव्हापासून आपल्या भागात या नादाला लागलेली माणसं वाढली असं मला वाटतं. मॅडमही त्यांतल्याच.

आधीची सायकल

ऑनलाइन मागवलेली अ‍ॅल्युमिनियमची हायब्रिड, ‘एस’ साइझ, ७००सी चाकं, १७० मिलिमीटरचा क्रँक, म्हणजे पॅडलचा दांडा. तक्रारी तीन. शंभर किलोमीटरनंतर दोन्ही हातांची करंगळी आणि शेजारचं बोट बधिर होतं. मान आखडते. आणि बसायची जागा सोलून निघते. चौथी गोष्ट त्यांनी तक्रार म्हणून सांगितलीच नाही, बोलता बोलता निघाली: पावसाळ्यात पांदणीवर सावकाश वळताना बुटाचं टोक पुढच्या चाकाच्या मडगार्डला लागतं, आणि त्यातून त्या पडल्याही होत्या.

सायकल पाहिली तर सीट रेलवर पूर्ण पुढे सरकवलेली. दुकानदाराने हँडल जवळ यावं म्हणून ते केलं होतं. हा उपाय सगळीकडे चालतो आणि बहुतेक वेळा त्रास वाढवतो. सीट पुढे गेली की धडाचा तोल पॅडलांवर न राहता तळहातांवर येतो. तळहाताच्या कडेला करंगळीकडे जाणारी नस तासन् तास दाबली गेली की बोटं बधिर होणारच. म्हणजे हँडल जवळ आणण्याच्या नादात हातांवरचं ओझं वाढलं होतं.

क्रँकचा हिशेब याहून साधा. पायाची आतली लांबी, म्हणजे इनसीम, ६७५ मिलिमीटर भरली. क्रँक इनसीमच्या २० ते २२ टक्के असावा असा एक ढोबळ नियम आहे. त्याने १३५ ते १४८ येतात. १७० म्हणजे २५ टक्के. पॅडल वर आलं की गुडघा पोटाला भिडतो, आणि माणूस नकळत सीट उंच करतो. मग कंबर डावी-उजवी हलते आणि कातडी सोलते. सीटची उंची इनसीमच्या ०.८८३ पट धरली तर बॉटम ब्रॅकेटच्या, म्हणजे क्रँक जिथे फिरतो त्या नळीच्या, मध्यापासून ५९६ मिलिमीटर यायला हवी. त्यांची होती ६१५.

चार्ट काय सांगतो आणि काय लपवतो

बहुतेक लोक साइझ चार्टमध्ये एकच रकाना पाहतात, सीटपासून हँडलकडे जाणाऱ्या दांडीची आडवी लांबी. ती कमी म्हणजे सायकल लहान. लहान साइझच्या बाबतीत हा आकडा फसवा आहे.

कंपनीला एकाच मॉडेलच्या सगळ्या साइझना एकच चाक द्यायचं असतं. ७००सी रिमचा व्यास ६२२ मिलिमीटर, तो १४९ सेंटिमीटरच्या बाईलाही तेवढाच आणि १९० च्या माणसालाही तेवढाच. चाक लहान होत नाही म्हटल्यावर पुढचा भाग एका मर्यादेपलीकडे आखूड करता येत नाही, नाहीतर पाय चाकाला लागतो. मग दांडी आखूड दिसावी म्हणून सीटची नळी उभी केली जाते, ७३ अंशांऐवजी ७४ किंवा ७५. नळी उभी झाली की सीट पुढे येते, दांडीचा आकडा कमी होतो, पण पॅडलपासून हँडल होतं तिथेच राहतं.

आकड्यांतच बघा. दोन फ्रेमा, दोन्हींचा स्टॅक, म्हणजे बॉटम ब्रॅकेटपासून पुढच्या, म्हणजे हँडलच्या, नळीच्या माथ्यापर्यंतची उभी उंची, ५२० मिलिमीटर. पहिलीची दांडी ५१५ आणि सीटचा कोन ७५ अंश. दुसरीची दांडी ५२५ आणि कोन ७३. चार्ट पाहून कुणीही पहिली उचलेल. पण आडवं अंतर बॉटम ब्रॅकेटपासून मोजलं, ज्याला रीच म्हणतात, तर पहिलीचा रीच ३७६ येतो आणि दुसरीचा ३६६. दांडी दहा मिलिमीटर आखूड असलेली सायकल प्रत्यक्षात दहा मिलिमीटर लांब निघते. या उंचीला सीटच्या कोनाचा एक अंश म्हणजे साधारण एक सेंटिमीटर, एवढं लक्षात ठेवलं तरी दुकानात फसगत होत नाही. स्टॅक आणि रीच हे दोनच आकडे वेगवेगळ्या सायकलींमध्ये सरळ तुलना करण्याजोगे असतात, कारण सीट कुठेही सरकवली तरी ते बदलत नाहीत.

मॅडमनी तीन तयार सायकली निवडून आणल्या होत्या, तिन्ही ‘एक्सएस’ किंवा ‘एक्सएक्सएस’. रीचचा प्रश्न ३५ मिलिमीटरचा स्टेम लावून जवळपास सुटत होता. पायाचा सुटत नव्हता.

त्याचाही ढोबळ हिशेब देतो. ७००सी रिमवर ३८ मिलिमीटरचा टायर चढवला की चाकाची त्रिज्या ३४९. मडगार्ड आणि मधली जागा मिळून १२. क्रँक १७०, आणि पॅडलच्या आसापासून बुटाच्या टोकापर्यंत ९५. बेरीज ६२६. त्या तिन्ही सायकलींत बॉटम ब्रॅकेटपासून पुढच्या आसापर्यंतचं अंतर ५८० च्या आसपास. चाक वळलेलं असताना त्याची मागची कड पायापासून थोडी दूर जाते, तर वीसेक मिलिमीटर सोडून द्या. तरीही बूट पंचवीस मिलिमीटर चाकात.

डांबरी रस्त्यावर याने काही बिघडत नाही. वेगात असताना हँडल तेवढं वळतच नाही. म्हणून शहरातले जुने सायकलस्वार म्हणतात, एवढं मनावर घेऊ नका. पण पांदण वेगळी. काळ्या मातीत ट्रॅक्टरने पाडलेल्या चाकोऱ्यांतून चालायच्या वेगाने, हँडल डावी-उजवीकडे झटकत जावं लागतं. तिथे पाय अडकला की माणूस सरळ कपाशीत.

काळ्या मातीचं अजून एक आहे. ती चाकाला नुसती लागत नाही, थरावर थर चढते. टायर आणि फ्रेममध्ये, टायर आणि मडगार्डमध्ये जाऊन बसते आणि चाक जाम करते. आपल्याकडे पावसाळ्यात मोटारसायकलीचा पुढचा मडगार्ड काढून ठेवतात तो याचसाठी. तयार सायकलीत ३८ चा टायर बसतो असं लिहिलेलं असतं, पण तो कोरड्या रस्त्याचा हिशेब. इथे टायरच्या दोन्ही बाजूंना बोटभर मोकळी जागा पाहिजे.

मध्येच आलेले सल्ले

सासरे शेतकरी, संत्र्याची बाग आहे. त्यांनी भाव ऐकला आणि म्हणाले, “एवढ्या पैशात तं चांगली जुनी स्कूटी येते न बावा.” त्यांचं चुकत नव्हतं. शाळेपुरता विचार केला तर मीही हेच म्हटलं असतं, फक्त स्कूटीऐवजी दुसरी सायकल.

मेळघाटाकडच्या एका सहकाऱ्याने बांबूच्या फ्रेमचा विषय काढला. आपल्याकडे मानवेल आहे, भरीव आणि चिवट, आणि त्याच्या सायकली बनतातही. सांधे इपॉक्सीत भिजवलेल्या धाग्यांनी बांधतात. मला ती कल्पना आवडते. पण उन्हाळ्यात ४५ अंशांची कोरडी हवा आणि दोन महिन्यांत धो धो पाऊस, अशा चढउतारात बांबू तडकण्याची धास्ती असते, आणि सांधा सुटला तर तो पुन्हा बांधणारा माणूस गाठावा लागतो. रोजच्या सायकलीसाठी नको म्हटलं. विषय तिथेच संपला.

आधी जुनी एमटीबी

कारागिराला आगाऊ रक्कम पाठवायला मॅडम तयार होत्या. मी थांबवलं. ज्या माणसाने आयुष्यात एकदाही मापात बसणारी सायकल चालवलेली नाही, त्याला स्वतःला काय हवं ते सांगता येत नाही. मोजपट्टीवरून फ्रेम काढता येते, पण मोजपट्टीला शंभर किलोमीटरनंतरची मान कळत नाही. म्हणून ठरलं असं: एक पावसाळा तयार फ्रेमवर काढायचा, तिच्यावर होईल तेवढं सुट्या भागांनी सोडवायचं, आणि जे सुटणारच नाही तेवढंच कारागिराकडे न्यायचं.

परतवाड्याहून २६ इंची चाकांची, १४ इंची फ्रेमची जुनी एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक, नऊ हजारांत मिळाली. डिस्क ब्रेकवाली, मागच्या चाकाचा हब (मधला तुंबा) १३५ मिलिमीटरचा. पुढचा स्प्रिंगवाला चिमटा (फोर्क) काढून साधा पोलादी बसवला. क्रँकसाठी लांब जावं लागलं नाही: मुलांच्या गिअरवाल्या सायकलींना १५२ मिलिमीटरचा क्रँक येतो, तो बाजारातल्या मिस्त्रीकडे पडूनच होता. सरळ हँडल, त्याच्या टोकांना बार-एंड (शिंगांसारख्या मुठी), ३५ चा स्टेम. सीट रेलच्या मधोमध, उंची ५९६. टायरांसकट सगळं मिळून २१ हजार.

चाक २६ चंच का, हे तो मिस्त्री जास्त चांगलं सांगतो. “मॅडम, सातशेची ट्यूब आपल्याकडं भेटत नाही. रेंजरची ट्यूब कोणत्याही गावात भेटते. चाक २६ चं ठेवा, मंग मी आहो.” बाभळीचा काटा आणि सराटा या दोन गोष्टी आपल्या रस्त्यांवर कायमच्या आहेत. रात्री अकराला अंजनगाव-दर्यापूरच्या मध्ये तिसरी ट्यूब फुटली तर जवळच्या गावात काय मिळेल, हा प्रश्न फ्रेम निवडताना कुणी विचारत नाही. विचारायला पाहिजे.

पावसाळाभर त्या या सायकलीवर शाळेत गेल्या. पायाचं अडकणं संपलं: २६ च्या रिमवर ४४ मिलिमीटरचा टायर म्हणजे त्रिज्या ३२४, त्यात आखूड क्रँक. बोटं बधिर होणं बरंच कमी झालं. त्यातला मोठा वाटा सीट मागे घेण्याचा होता, फ्रेमचा नव्हे. बसायच्या जागेचा त्रास सीट बदलल्यावर गेला. त्यासाठी तीन सीट वापरून पाहाव्या लागल्या, आणि जिने जमलं ती सगळ्यांत स्वस्त होती.

इथे थांबता आलं असतं. शाळा आणि वर्षाकाठी एखादी २०० ची ब्रेव्हे एवढंच असतं तर मी थांबवलंच असतं, आणि आजही तेच सांगेन.

जे उरलं ते असं. पहिलं, लांब पल्ल्यावर, विशेषतः समोरून वारा असताना, हात ठेवायला वेगवेगळ्या जागा हव्यात, म्हणजे टोकं खाली वळलेलं ड्रॉप हँडल हवं. पण एमटीबीची फ्रेम सरळ हँडल धरून आखलेली असते. तिचा रीच ३८५. त्यावर ड्रॉप हँडल लावलं की ब्रेकच्या मुठी आणखी सात-आठ सेंटिमीटर पुढे जातात आणि ३५ पेक्षा आखूड स्टेम लावून काही साधत नाही. दुसरं, सायकल साडेचौदा किलोची. चालवणारी ४७ किलोची. चिखलदऱ्याच्या घाटात हे प्रमाण पायांना कळतं. तिसरं, ती फ्रेम त्यांच्यासाठी फार ताठ होती. कंपन्या पुष्कळदा लहान फ्रेमलाही मोठ्या फ्रेमच्याच जाडीच्या नळ्या वापरतात. नळीचा ताठपणा व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो: भिंत तेवढीच ठेवून २८.६ ऐवजी ३१.८ मिलिमीटरची नळी घेतली तर ती ३७ टक्के अधिक ताठ. त्यात लहान फ्रेमच्या नळ्या मुळात आखूड. ९० किलोच्या माणसाला जी फ्रेम बरी, ती ४७ किलोच्या बाईला प्रत्येक खड्ड्याला दणका देते.

सुट्या भागांनी न सुटणाऱ्या या तीन गोष्टी. मापाच्या फ्रेमला माझा होकार त्यानंतरच होता.

आराखडा

फेब्रुवारी २०२५ मध्ये पुण्याच्या कारागिराला आम्ही मोजमापं पाठवली. शरीराची कमी, आणि त्या जुन्या एमटीबीवरची जास्त: सीटचं टोक कुठे, हाताचा तळवा कुठे, सगळं बॉटम ब्रॅकेटपासून. कारागिराला हे आवडलं. शरीराच्या मापांवरून त्याला अंदाज करावा लागतो, चाललेल्या सायकलीवरून अंदाज लागत नाही.

आराखडा असा ठरला. स्टॅक ५००, रीच ३५०, सीटचा कोन ७३ अंश. पुढच्या नळीचा कोन ७० आणि चिमट्याचा पुढे येणारा बाक ५५ मिलिमीटर. यातल्या शेवटच्या दोन आकड्यांवर जरा थांबायला हवं, कारण मापाच्या फ्रेमचा खरा फायदा तिथे आहे.

पुढची नळी जेवढी निजवावी, तेवढं चाक पायापासून लांब जातं. मोठ्या चाकावर मात्र तसं केलं की हँडल जड होतं. त्याचं माप म्हणजे ट्रेल: हँडलचा आस जमिनीला जिथे भेटतो त्याच्या किती मागे टायर टेकतो. ७००सी चाक, ७० अंश आणि ५० चा बाक घेतला तर ट्रेल ७४ मिलिमीटर येतो. सायकल सरळ छान पळते, पण सावकाश चालवताना हँडल आपणहून एका बाजूला लोळतं. २६ चं चाक, ७० अंश आणि ५५ चा बाक घेतला तर ट्रेल ५९, म्हणजे नेहमीच्या रोड सायकलीएवढाच. चाक लहान केल्यामुळे कोन निजवायला मोकळीक मिळाली आणि वळणाची सवयही बिघडली नाही. पुढच्या आसापर्यंतचं अंतर ५७३ आलं. मगाचीच बेरीज पुन्हा करा: ३२४ अधिक १२ अधिक १५२ अधिक ९५, म्हणजे ५८३. त्यातून वळलेल्या चाकाचे वीसेक वजा केले की पाय निसटतो, थोडक्यात का होईना.

नळ्या क्रोमोली पोलादाच्या, टोकांना जाड आणि मध्ये पातळ: ०.८, ०.५, ०.८ मिलिमीटर. दांडी २५.४ ची, खालची नळी २८.६ ची. दांडी मागे उतरती, म्हणजे सलवार-कुर्ता घालून चढता-उतरता येतं.

आता माझा हट्ट. मापाने बनवायची ती फक्त भूमिती, बाकी काहीही खास नको. बॉटम ब्रॅकेट ६८ मिलिमीटरचा, आट्यांचा. दाबून बसवायचा नको. पुढची नळी सरळ, एक आणि एक अष्टमांश इंची चिमटा बसणारी. सीटपोस्ट २७.२. मागचा हब १३५, साधा क्विक रिलीज. मागचा गिअर लटकतो तो हँगर फ्रेमच्याच पोलादाचा, कारण तो वाकला तर सरळ करता येतो. अ‍ॅल्युमिनियमच्या तयार सायकलीला प्रत्येक मॉडेलचा हँगर निराळा असतो आणि तो मागवून येईपर्यंत सायकल भिंतीला टेकून. डिस्क ब्रेक तारेचे, तेलाचे नव्हेत. कारागिराने आधुनिक, चाकातून आरपार जाणारा थ्रू-अ‍ॅक्सल सुचवला होता. तो चांगला असतो, मी नाकारत नाही. पण ज्या गोष्टीचा सुटा भाग अमरावतीत मिळत नाही, ती फ्रेममध्ये कायमची जोडून घ्यायची नाही, हे मॅडमना पटलं.

‘पोलाद कुठेही जोडता येतं’ हे वाक्य या व्यवहारात हमखास ऐकू येतं. ते अर्धं खरं आहे. गावातला वेल्डिंगवाला नांगराचा फाळ जोडतो त्या आर्कने अर्ध्या मिलिमीटरच्या नळीला हात लावला तर भोक पडेल. गॅसवर पितळी टाका मारणारा जुना माणूस असेल तर ती नळी जोडली जाईल. तसे हात आता कमी उरलेत. अ‍ॅल्युमिनियमपेक्षा मात्र परिस्थिती नक्की बरी, कारण ते जोडल्यावर पुन्हा उष्णतेची प्रक्रिया करावी लागते आणि ती तालुक्याला होत नाही.

एका बाबतीत तयार फ्रेमचं पारडं जड आहे, आणि मापाच्या फ्रेमचे चाहते त्याबद्दल बोलत नाहीत. नावाजलेल्या कंपनीची फ्रेम आयएसओ ४२१० या २०१४ पासूनच्या मानकाच्या चाचण्यांतून जाते. त्यात पॅडल दाबल्याचा भार एक लाख वेळा दिला जातो, चिमट्यावर आघात करून पाहतात. एकच फ्रेम बनवायची तर ती तोडून कोण पाहणार? तिथे कारागिराचा हात हीच चाचणी. म्हणून आम्ही त्याने आधी बनवलेल्या, पाच-सात वर्षं चाललेल्या फ्रेमांच्या मालकांशी बोललो. हे टाळू नये.

खर्च आणि वाट पाहणं

फ्रेम आणि चिमटा मिळून ७२ हजार, वर कर. मे महिन्याचा वायदा होता, फ्रेम आली ऑक्टोबरात. कारागिरांचे वायदे शिंप्यांसारखे असतात, हे गृहीत धरूनच ऑर्डर द्यावी. या उशिराने एक बरं झालं: २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकल आणि तिच्या भागांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. करापोटी ८,६४० ऐवजी ३,६०० द्यावे लागले.

चाकं, क्रँक, बॉटम ब्रॅकेट, सीट आणि सीटपोस्ट जुन्या सायकलीवरून उचलून नव्या फ्रेमला लावले. भाग सगळे सर्वसाधारण मापाचे असल्याचा फायदा पहिल्याच दिवशी मिळाला. ब्रेकचे कॅलिपर (डिस्क आवळणारे भाग) मात्र बदलावे लागले. ड्रॉप हँडलच्या मुठी एमटीबीच्या मुठींपेक्षा कमी तार ओढतात, त्यामुळे जुने कॅलिपर नीट आवळत नाहीत. गिअरचं तसं नाही: शिमानोचा नऊ गिअरचा रोड शिफ्टर (गिअर बदलायची मूठ) आणि नऊच गिअरचा एमटीबी डिरेलर (साखळी सरकवणारा भाग) एकमेकांशी चालतात, म्हणून मागचा डिरेलर तोच ठेवला. हँडल, शिफ्टर, कॅलिपर, तारा यांचे १९ हजार झाले. कुरिअर धरून नव्या फ्रेमपायी वाढलेला खर्च लाखाला थोडा कमी. वजन ११.८ किलो.

जोडण्याआधी नळ्यांच्या आतून जवसाचं उकळलेलं तेल फिरवलं, जास्तीचं निथळू दिलं आणि आठवडाभर वाळवलं. वाळल्यावर त्याचा पातळ थर बसतो आणि गंज धरत नाही. पोलादी फ्रेमा बनवणारे हे फार पूर्वीपासून करत आले आहेत. आपल्याकडे जवस चटणीत जातं, तर सासऱ्यांना याचंच सगळ्यांत नवल वाटलं. सायकलीबद्दल त्यांनी त्यानंतर स्कूटीचं नाव काढलं नाही.

पुढे काय झालं

थंडीत ३०० ची ब्रेव्हे झाली, १८ तास २० मिनिटांत. करंगळी बधिर झाली नाही. पाय चाकाला लागला नाही. रात्रीच्या खराब पट्ट्यात हात कमी थकले असं त्या म्हणाल्या. ते पातळ नळ्यांमुळे की ड्रॉप हँडलमुळे की डिसेंबरच्या हवेमुळे, हे वेगळं काढून सांगता येणार नाही.

मान मात्र २२० किलोमीटरनंतर दुखलीच. हे फ्रेमने सुटणार नव्हतं. दिवसभर वर्गात वह्या तपासायला वाकलेली मान आहे ती, तिला व्यायाम लागतो. फिजिओथेरपिस्टकडे त्या आता जातात. खालच्या नळीखाली तिसऱ्या बाटलीसाठी ठेवलेला आटाही फुकट गेला. पांदणीचा सगळा चिखल तिथेच येतो, त्या बाटलीला कोण तोंड लावणार?

आणि ही सायकल विकायची म्हटली तर गिऱ्हाईक मिळणं कठीण. १४९ सेंटिमीटरची, ब्रेव्हे करणारी, २६ च्या चाकावर समाधानी असलेली दुसरी बाई शोधावी लागेल. हे मॅडमना ऑर्डर देण्याआधीच सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, “विकतं कोण जी?”

जुन्या एमटीबीची फ्रेम त्यांनी टाकली नाही. घरातल्या पडक्या सायकलीची चाकं तिला लावून घेतली, आणि आठवीतला मुलगा ती चालवतो.

महिन्याभराने त्यांच्याच शाळेतल्या दुसऱ्या शिक्षिका माझ्याकडे आल्या, त्यांनाही “मॅडमसारखीच” हवी होती. उंची १५८ आणि इनसीम ७३ सेंटिमीटर, शाळा आणि रविवारचे पन्नास किलोमीटर. अमरावतीच्या दुकानात उभी असलेली ‘एस’ साइझची २७.५ इंची चाकांची सायकल त्यांना स्टेम बदलून नीट बसली. पुण्याला फोन करायची गरज पडली नाही.